गुडघ्याचं रजिस्टर

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षस्थानी विराजमान असलेले आमच्या चिचटोला गावाचे सरपंच माननीय गोपालभाऊ. प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले आरोग्य केंद्राचे डॉक्टर मिथुन मंडल साहेब. मंडई समितीचे आजन्म अध्यक्ष आदरणीय वामनराव. आमच्या शाळेचे प्रफुल सर. आणि ज्यांच्या सुईला या गावातला एकही दंड अनोळखी नाही, त्या आजच्या सत्कारमूर्ती, आरोग्य सेविका श्रीमती रंभाबाई खोब्रागडे, म्हणजे आपल्या नर्सबाई. तसेच समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, मागे खांबांना टेकलेल्या बंधूंनो, आणि फक्त जेवणासाठी थांबलेल्या पाहुण्यांनो, सर्वांना केसरबाई गुरनुलेचा सप्रेम नमस्कार.

सुरुवातीलाच एक तक्रार. मी या मंचावर चढले. तीन पायऱ्या आहेत. कुणाचा हात धरला नाही, काठी घेतली नाही, "अगं माय" म्हटलं नाही. आणि टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत! गोपालभाऊ चढले तेव्हा वाजवल्या. त्यांचे गुडघे तर चाळीस वर्षांचे आहेत, त्यात काय कौतुक? माझे अडुसष्ट वर्षांचे आहेत. हां, आता वाजवल्या. धन्यवाद. या टाळ्या माझ्या नाहीत, माझ्या उजव्या गुडघ्याच्या आहेत. तो स्वतः बोलू शकत नाही म्हणून त्याच्या वतीने मी स्वीकारते.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी नर्सबाईंचं कार्य फार सुंदर सांगितलं. एकोणीस वर्षांतली बाळंतपणं सांगितली, लसीकरण सांगितलं, पुराच्या पाण्यातून डोक्यावर औषधाची पेटी घेऊन आल्या होत्या तेही सांगितलं. माझ्यासाठी काय उरलं? मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि मी अंगणवाडीत तीस वर्षं काढली आहेत. पाच मिनिटांत मी फक्त पोरांना रांगेत बसवत असे. म्हणून मी नर्सबाईंच्या सगळ्या कार्याबद्दल बोलणार नाही. एकाच सांध्याबद्दल बोलते. चालेल ना, अध्यक्ष महाराज? हसले म्हणजे चालते.

तर, हा गुडघा.

डॉक्टरसाहेब मुलचेऱ्याकडचे, इकडे आता दोन वर्षं झाली, त्यांना मागचं सगळं ठाऊक नसणार. साहेब, एकेकाळी या गावात तुमच्यापेक्षा माझ्या गुडघ्याकडे जास्त गर्दी असायची. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. धान कापून झालं होतं, त्याच्या कडपा शेतातल्या बांध्यांमध्ये वाळत पडल्या होत्या. मी या वामनरावांच्या, म्हणजे आपल्या वामनभाऊंच्या अंगणातून जाता जाता सहज बोलले, "आज गुडघा लय ठणकून राह्यला, पाणी येते वाट्टे." बस, एवढंच! बाईमाणूस दुखणं सांगताना काहीतरी जोडून बोलतेच. पण वामनभाऊंनी ते मनावर घेतलं. संध्याकाळच्या आत माणसं लावून भारे बांधले, एकावर एक रचून पुंजणं उभं केलं, वर ताडपत्री टाकली. शेजारचे हसले. आणि दुसऱ्या दिवशी जो पाऊस कोसळला! शेजाऱ्यांच्या धानाला शेतातच कोंब फुटले, आणि वामनभाऊंचं धान ताडपत्रीखाली सुखरूप.

त्या दिवसापासून माझा गुडघा माझा राहिला नाही, गावाचा झाला.

कुणी पापड घालायच्या आधी विचारायला येई. कुणी मोहाची फुलं वाळत घालायच्या आधी. लग्नाचा मांडव कधी टाकायचा, विटांची भट्टी कधी लावायची, घर कधी शाकारायचं. सकाळी मी अजून अंथरुणातच असे आणि दारातून आवाज, "केसरबाई, कसा आहे?" मी कशी आहे हे नव्हे बरं का. तो कसा आहे! वामनभाऊ तर चारचौघांत म्हणत, "टीव्हीवाला चुकन, पन आमच्या बाईचा गुडघा नाई चुकाचा."

आता खरं सांगू? मला ते फार आवडायचं. मंचावर खोटं कशाला बोलू? अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं की आता घरात निवांत बसायचं. बसले. आठच दिवसांत कळलं की आपल्याला कुणी काही विचारतच नाही. सुनेला स्वयंपाकातलं विचारायची गरज नाही, मुलाला शेतातलं विचारायची गरज नाही. विचारत होते ते फक्त या गुडघ्याबद्दल. मग मी त्याला जपलं. जसं दुभत्या म्हशीला जपतात तसं जपलं.

आणि तो खरंच दुखत होता, ही त्यातली गंमत. दर वर्षी जास्त. खाली बसता येईना. बसलं तर उठता येईना. नातवाच्या बारशाला मी खुर्चीवर आणि सगळ्या बाया खाली, म्हणजे पाळण्यात बाळ कोणाचं आणि मान कोणाचा, तेच समजेना. नर्सबाई घरी आल्या, गुडघा दाबून पाहिला, मला धरून ब्रह्मपुरीला नेऊन फोटो काढून आणला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, सांध्यातली गादी झिजली आहे, पण मांडीत ताकद आणली तर पुष्कळ फरक पडेल. एका चिठ्ठीवर व्यायाम लिहून दिले. चित्रं काढून दिली होती साहेब, टॉवेलची गुंडाळी कुठे ठेवायची, पाय कसा उचलायचा, सगळं.

ती चिठ्ठी मी काय केली? पाण्याच्या रांजणामागे खोचून ठेवली. नर्सबाई विचारायच्या, "बाई, पाय उचलता नं रोज?" मी म्हणायची, "हो तर! सकाळ-संध्याकाळ!" अहो, गुडघा बरा झाला तर सकाळी दारात कोण येणार होतं? कुणाशी बोलले नाही हे, आज पहिल्यांदा बोलते आहे, तेही माईकवर. वामनभाऊ, असे पाहू नका माझ्याकडे.

आता मंडईच्या प्रकरणाकडे येते. मंडळी हसायला लागली. म्हणजे सगळ्यांच्या लक्षात आहे!

पाहुण्यांसाठी सांगते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. धान निघालेलं असतं, लेकीबाळी माहेरी येतात, दंडार म्हणजे नाचगाण्याचं नाटक होते, ऊस-शिंगाड्याची दुकानं लागतात. प्रत्येक गावाची तारीख ठरलेली, आजूबाजूच्या गावांना कळवलेली. तीन दिवाळ्यांमागे आमची मंडई शुक्रवारी होती. बुधवारी माझा गुडघा असा धरला की मी भिंतीला धरून उभी. वामनभाऊंनी तातडीची बैठक बोलावली. अजेंडा एकच. बैठकीत ठराव झाला, आणि तो ग्रामपंचायतीच्या वहीत नाही हे आपलं नशीब, की केसरबाईच्या गुडघ्याची परिस्थिती लक्षात घेता मंडई सोमवारवर ढकलण्यात यावी.

शुक्रवार उजाडला. ऊन असं लख्ख, की त्या दिवशी तीन गावांचे पापड वाळले असते. आणि निरोप सगळीकडे पोचले नव्हते! दहा गावांचे पाहुणे शुक्रवारीच हजर. जावई आले, व्याही आले, व्याह्यांचे व्याही आले. मंडई नाही, दंडार नाही, पण जेवायला तर घालावं लागेल. घरोघरी पंगती उठल्या. जाताना प्रत्येक जण म्हणाला, "मंग सोमवारी येतो पुन्हा." आले की! सोमवारी दुपारी दंडारवाले तोंडाला रंग लावून उभे राहिले, पहिली थाप पडली, आणि धो धो पाणी. दंडारीतला राजा जिलबीच्या दुकानाखाली, राणी गुरांच्या गोठ्यात, आणि जिलबीचा पाक पावसाच्या पाण्यात मिसळून सगळ्या गल्लीत. त्या रात्री या गावातल्या मुंग्यांची दिवाळी झाली असेल.

मला वाटलं, आता संपलं. आता मला गावातून हाकलणार. मी दार लावून बसले. आणि वामनभाऊ, ओले चिंब, डोक्यावर युरियाची पिशवी, माझ्या दारात उभे राहून काय म्हणाले?

"बाई, तुमचा गुडघा चुकला नाई! तो सोमवारचंच सांगून राह्यला होता. आमी बयाड, आमाले समजलं नाई!"

टाळ्या वाजवा या माणसासाठी. एवढी निष्ठा आजकाल राजकारणातही राहिली नाही.

नेमक्या तेव्हा नर्सबाई आत होत्या, माझं बीपी तपासत होत्या. त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "वामनभाऊ, मंग गुडघा केव्हाचं सांगते? उद्याचं का पाच दिसांनंतरचं?"

वामनभाऊ म्हणाले, "जवा पाणी येईल, तवाचं सांगते."

"असं असन तर माझी चप्पल पन सांगते," नर्सबाई म्हणाल्या. "आधी ठरवा. मंग लिहून ठेवू. लिहिल्याशिवाय काई खरं नसते."

नर्सबाईंना तुम्ही ओळखता. या बाईने आयुष्यभर रजिस्टरं लिहिली. गरोदर मातांचं रजिस्टर, बाळांचं रजिस्टर, तापाचं रजिस्टर, कुत्रा चावल्याचं रजिस्टर. एकच जागा मोकळी होती, ती माझ्या गुडघ्याने भरली. पुढच्या मृगापासून पुढच्या मृगापर्यंत, पूर्ण एक वर्ष. नियम असे की सकाळी उठल्यावर, दार उघडायच्या आधी, आभाळ पाहायच्या आधी, मी वहीत लिहायचं: गुडघा शून्य ते दहापैकी किती, आणि उद्या पाऊस येणार की नाही. तिकडे शाळेत प्रफुल सरांकडे पर्जन्यमापक. रोज साडेआठला मोजायचं आणि त्यांच्या वहीत लिहायचं. वर्ष संपेपर्यंत दोन वह्यांनी एकमेकींचं तोंड पाहायचं नाही. भांडलेल्या जावांसारखं. आणि माझ्या वहीत नर्सबाईंनी एक तिसरा रकाना आखून दिला, "काल काय केलं?" मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "असू द्या. जागा उरली होती."

बाप्पा, काय वर्ष होतं ते! गावात दोन पक्ष पडले. वामनभाऊ गुडघ्याचे वकील. ते रोज सकाळी येऊन मला विचारायचे, "सांगू नका, फक्त मान हलवा." मी मान हलवली नाही हो! एकदा मात्र घसरले. श्रावणातला दिवस होता. फटीतून पाहिलं तर आभाळ काळंकुट्ट. गुडघ्याचं म्हणाल तर दोन, फार तर तीन. मी लिहिलं नऊ! उद्या पाऊस, हो! शाई वाळायच्या आधी नर्सबाईंच्या गाडीचा आवाज आला आणि मी वही घेऊन धावत फाटकापर्यंत गेले. त्यांनी वही पाहिली. माझ्या पायाकडे पाहिलं. म्हणाल्या, "नऊचा गुडघा घेऊन पळत आल्या काय, केसरबाई?"

मी तिथेच नऊ खोडून तीन लिहिलं. ती खाडाखोड अजून वहीत आहे. नर्सबाईंनी त्यावर माझी सही घेतली.

मागच्या मृगाला ग्रामपंचायतीच्या याच सभागृहात दोन्ही वह्या उघडल्या. तेव्हाही अशीच गर्दी होती. जेवण नव्हतं तरी होती, हे महत्त्वाचं! प्रफुल सर उभे राहिले आणि म्हणाले, मी एक तिसरी वही पण ठेवली आहे. कसली? तर सर रोज सकाळी एक रुपयाचं नाणं उडवत होते. छापा पडला तर उद्या पाऊस, काटा पडला तर कोरडं. वर्षभर! घरी बायकोला वाटायचं, सरांना काहीतरी झालं.

पावसाळ्याचे चार महिने, एकशेबावीस दिवस. माझा गुडघा त्रेसष्ट दिवस बरोबर. नाणं सहासष्ट दिवस बरोबर.

म्हणजे माझ्या अकरा वर्षांच्या नावलौकिकाचा आणि एका रुपयाचा सामना झाला, आणि रुपया तीन दिवसांनी जिंकला.

वामनभाऊ उठले. "पावसाळ्याचं सोडा! पावसाळ्यात तर म्हैस पन सांगन. बाकीचं वाचा!" बाकीचं वाचलं. पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांत गुडघ्याने एकोणीस वेळा पाऊस सांगितला. आला दोनदा. वामनभाऊ खाली बसले.

मग नर्सबाईंनी तिसरा रकाना वाचायला घेतला. एक्कावन्न दिवस माझा गुडघा सात किंवा सातच्या वर होता. त्यातल्या अडतीस दिवसांच्या आदल्या दिवशी मी काय केलं होतं? धानाची रोपं लावायचा रोवणा. दिवसभर चिखलात वाकून. नाहीतर डोक्यावर ओझं घेऊन बाजार. नाहीतर चुलीपुढे उकिडवं बसून लग्नाच्या पोळ्या. आता आठवा, रोवणा कधी असतो? पावसात. वाकणार मी, दुखणार गुडघा, आणि नाव ढगाचं! आणि ज्या दिवशी दुखून पाऊस आला तो दिवस सगळ्या गावाने अकरा वर्षं लक्षात ठेवला. ज्या दिवशी दुखला आणि ऊन पडलं, तो दिवस कुणाच्या लक्षात राहिला? माझ्याच राहिला नाही.

डॉक्टरसाहेबांनी तेव्हा एक न्यायाची गोष्ट सांगितली, तीही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलली. ते म्हणाले, थंडीत, दमट हवेत सांधे आखडतात असं पुष्कळ लोक सांगतात. मोठमोठ्या लोकांनी हे तपासून पाहिलं, कुणाला थोडासा संबंध दिसला, कुणाला काहीच दिसला नाही. माझ्याच वहीत पुस महिन्याच्या थंडीतल्या सकाळी एक-दोन आकडे जास्त होते. पण उद्याचा पाऊस? तो गुडघ्याला कळत नाही. आणि नर्सबाई सगळ्यांपुढे म्हणाल्या, "बाईचं दुखनं खरं आहे. अंदाज खोटा आहे. आपन अकरा वर्स अंदाज इचारला, दुखनं कोनीच नाई इचारलं."

आणि मी रडले. हो, इथेच, त्या दुसऱ्या खिडकीजवळ. तुम्हाला वाटलं असेल हरली म्हणून रडली. तेही होतंच. माझी दुसरी नोकरी गेली होती, आणि यावेळी तर निरोप समारंभही नव्हता! पण खरं रडू आलं ते त्या शेवटच्या वाक्याचं.

लोक गेले. नर्सबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. उगी उगी केलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. म्हणाल्या, "आता तरी रांजनामागची चिठ्ठी काढता का?"

माझं रडू जागच्या जागी थांबलं. "तुमाले कसं मालूम?"

"चार वर्सापासून मालूम आहे. दर महिन्याले डासाच्या अळ्या पाहाले तुमच्या रांजनात वाकतो नं मी."

विचार करा! चार वर्षं! दर महिन्याला ही बाई माझ्या रांजणात डोकावायची, ती चिठ्ठी तिथेच पाहायची, आणि मग ओसरीवर येऊन मला विचारायची, "पाय उचलता नं?" आणि मी म्हणायची, "हो तर!" मी विचारलं, मग काऊन नाई बोलल्या? त्या म्हणाल्या, "बोलली असती तर चिठ्ठी दुसरीकडे लपवली असती. आन् बाई, तुमच्यापाशी तेवढंच होतं. हातात दुसरं काई दिल्याशिवाय ते कशी काढून घेऊ?"

दुसरं काय दिलं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. वही दिली होती! वर्षभर रोज एका माणसाने आपलं दुखणं आकड्यात लिहिलं, म्हणून पुढच्याच आठवड्यात गुणाबाई आली, "माझी कंबर लिहून दे नं." मग मंगली आली, तिचे खांदे घेऊन. आज माझ्या ओसरीवर चौदा वह्या आहेत, साहेब. सात गुडघे, चार कंबरा, तीन खांदे. सकाळी दारात आवाज येतो, "केसरबाई!" आणि आता लोक पाऊस विचारत नाहीत, काल काय केलं ते सांगतात. काय काय सांगतात! काही मी वहीत लिहिते, काही लिहीत नाही.

आणि व्यायाम? चिठ्ठी काढली. वाळवी लागली होती, एका चित्रातलं डोकं गेलं होतं, पाय शाबूत होते. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली, दाबायचं, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, असा. थांबा, दाखवते. डॉक्टरसाहेब, जरा सरकून बसा, माझ्या पायाचा अजून नेम नाही. पाहिलं? आठ महिने झाले. गादी झिजली ती झिजलीच, ती काही परत येत नाही, पण मांडी अशी झाली आहे की मागच्या मंडईत मी दंडारीत पाच पावलं टाकली. सहावं टाकणार होते, सुनेने ओढून नेलं. आणि मंडई शुक्रवारीच झाली, बरं का! मोबाइलवर अंदाज पाहून ठरवली. वामनभाऊंनी तरी हळूच मला विचारलंच होतं.

अध्यक्ष महाराज घड्याळ पाहत आहेत. आटोपते.

नर्सबाई, तुम्ही उद्या आलापल्लीला चालल्या, लेकीकडे. दिव्यानी तिकडे जंगल खात्यात आहे, सागवानाच्या सावलीत घर आहे, तुम्हाला सुख लागो. तिकडे पाऊस इथल्यापेक्षा जास्त, असं ऐकते. तिथेही कुणाचा तरी गुडघा असेलच. कुणाच्या तरी रांजणामागे चिठ्ठी असेल. तुम्ही निवृत्त झाला आहात हे तुमच्या डोळ्यांना कोण सांगणार?

मी तुमच्यासाठी शाल आणली नाही. शाली इथे सहा झाल्या आहेत, तुम्हाला दुकान काढावं लागेल. मी माझी वही आणली आहे. तुम्ही म्हणाल्या होत्या, तिसऱ्या रकान्यात काहीही लपवायचं नाही. म्हणून या आठवड्याचं पान सगळ्यांसमोर वाचते.

सोमवार. गुडघा एक. मंगळवार. गुडघा एक. बुधवार. गुडघा चार. काल काय केलं? काही नाही, फक्त या कार्यक्रमाची पत्रिका घरी आली. गुरुवार, गुडघा सहा. काल काय केलं? नर्सबाईंच्या घरची भांडी पोत्यात भरू लागले. आजची नोंद, सकाळी दार उघडायच्या आधीची. गुडघा नऊ. मग दार उघडलं. फेब्रुवारीचं आभाळ, स्वच्छ निळं, ढगाचा टिपूस नाही. यावेळी खाडाखोड नाही, नर्सबाई. यावेळी पळून पाहिलं तरी नऊच होता. मघाशी तीन पायऱ्या चढले त्या तशाच चढले, तुम्हाला दिसावं म्हणून.

वामनभाऊ तिकडून हात वर करून राह्यले. बोला भाऊ. काय म्हणता? जोरात बोला, मागे ऐकू जात नाही.

ऐकलं मंडळी? म्हणतात, "बाई, गुडघा आलापल्लीचं सांगून राह्यला!"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच, भाऊ, तुमच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

असो. मला बोलायची संधी दिली म्हणून आयोजकांचे, पाच मिनिटांची वीस होऊ दिली म्हणून अध्यक्षांचे, आणि शेवटपर्यंत बसलात म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला. राग ठेवायचाच असेल तर गुडघ्यावर ठेवा, त्याला सवय आहे.

आणि नर्सबाई, पोचल्यावर एक फोन करा. बाकी काही सांगू नका, फक्त तिकडे पाणी आलं का तेवढं सांगा. मले वहीत लिहाचं आहे.